बाबा अंगठा लावतात, मग ही सही कुणाची?

ताई, नमस्कार.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. गाव मराठवाड्यात, ऊसतोडीचं. दसरा झाला की निम्मं गाव कारखान्यांवर जातं, त्यात आईबाबाही. मी आधी आजीजवळ आणि मग वसतिगृहात राहून शिकले. मला पत्रकारितेला जायचंय. मुलाखतीआधी ‘मला पत्रकारिता का शिकायची आहे’ यावर अडीचशे शब्द लिहून मागितलेत. सोबत जोडलेत, वाचून सांगाल का? लिहिलंय मनापासून, पण वाचताना दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं.

मामा म्हणतात, पोलीस भरती दे नाहीतर तलाठ्याची तयारी कर. पत्रकार म्हणजे पाकीटवाले, तालुक्याला रोज बघतो की. बाबा एवढंच म्हणाले, ‘पगार किती?’ मला सांगता आलं नाही.

– स. (नाव-गाव छापू नका)

ता. क. याचा अर्जाशी संबंध नाही, पण कुणाला तरी सांगायचं होतं. पाडव्यानंतर रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेले होते. ग्रामसेवक फोनवर बोलत बाहेर गेले. टेबलावर ग्रामसभेचं रजिस्टर उघडं होतं, २६ जानेवारीचं पान. त्यात बाबांचं नाव होतं आणि नावापुढे सही. २६ जानेवारीला बाबा उसाच्या फडात होते. आणि बाबांना सही येत नाही, ते अंगठा लावतात. घरी सांगितलं तर आई म्हणाली, ‘दाखला मिळाला ना? मग झालं.’

---

प्रिय स.,

मी आधी तुझा अर्ज वाचला, मग पत्र आणि सगळ्यात शेवटी ता. क. उलट्या क्रमानं वाचलं असतं तर अर्जापर्यंत जायची गरजच पडली नसती.

अर्जाचं आधी उरकून घेऊ. त्यात ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ दोनदा आहे, ‘तळागाळातल्यांचा आवाज’ एकदा, ‘लेखणीची धार’ एकदा आणि शेवटी बाळशास्त्री जांभेकरांना वंदन. शुद्धलेखनाची चूक शोधूनही सापडत नाही. माणूस मात्र अडीचशे शब्दांत एकही नाही. तूसुद्धा नाहीस. तुला ते दुसऱ्या कुणाचं वाटतं ना, ते उगाच नाही.

अशा मुलाखतींना मी पाच-सहा वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलेय. बाहेरची परीक्षक म्हणून बोलवायचे. सकाळी दहाला सुरुवात, बशीतले पोहे निवलेले, बाहेर बाकांवर पन्नासेक मुलं. आमच्यात एक जुने उपसंपादक होते. कुणी ‘स्तंभ’ म्हटलं की ते समोरच्या कागदाच्या कडेला एक उभी रेघ ओढायचे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथं हेमाडपंती देवळाचा सभामंडप उभा राहिलेला असायचा. मुलांची चेष्टा करावी असा त्यांचा स्वभाव नव्हता. एकदा चहा पिताना म्हणाले, ‘या पोरांना कुणी सांगितलंच नाही की दुसरं उत्तर चालतं.’

आता स्तंभाचाच विषय निघालाय तर एक गोष्ट कानावर घालून ठेवते, मुलाखतीत उपयोगी पडेल. संविधानात चौथा स्तंभ कुठेही नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्य असा वेगळा शब्दही मूलभूत हक्कांच्या यादीत नाही. कलम १९(१)(क) नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं, आणि पेपर काढणारा माणूस त्याच स्वातंत्र्यावर पेपर काढतो. पानं वाढवायची तर किंमतही वाढवा, असा हुकूम केंद्रानं १९६० साली काढला होता. पुण्याचा ‘सकाळ’ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६१ साली न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. खप कमी होईल असं काही करणं म्हणजे बोलण्यावरच बंधन घालणं, असा त्या निकालाचा अर्थ. म्हणजे संपादकाला जो हक्क आहे तोच तुला आहे. रजिस्टरच्या त्या उघड्या पानासमोर तू उभी होतीस तेव्हा एखादा ओळखपत्रवाला बातमीदार तिथं असता, तरी कायद्यानं त्याला तुझ्यापेक्षा तसूभरही जास्त हक्क नव्हता.

आणि तुझ्या जागी तो असता तर त्याला काही दिसलंही नसतं. त्याला कुठं माहीत, तुझे बाबा अंगठा लावतात ते?

‘याचा अर्जाशी संबंध नाही’ असं तू लिहिलंयस. पोरी, अर्ज तोच आहे. दाखला घ्यायला आलेली माणसं दाखला घेतात आणि जातात. त्या टेबलाशी वर्षभरात गावातली शेकडो माणसं उभी राहिली असतील. तुझी नजर पानावर गेली, नावावर थांबली, नावापुढची सही खटकली आणि तारीख फडाशी ताडून पाहिलीस, तेही ग्रामसेवक फोन संपवून आत येईपर्यंत. पत्रकारितेला का यायचं याला माझ्या मते एवढं एकच कारण टिकतं: खटकलेलं सुटत नाही. बाकीची कारणं पहिल्या दिवाळीपर्यंत पुरतात.

पण लगेच हुरळू नकोस. खटकणं ही सुरुवात आहे. ती कुठे घसरते त्याची एक गोष्ट सांगते. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला. दोन वर्षांच्या आतच टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले, हे आपण शाळेत शिकतो आणि छाती फुगवतो. आत का गेले ते मात्र कुणी नीट सांगत नाही. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय असं या दोघांना कळलं. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर त्यांनी पेपरातून झोड उठवली, आणि आधार होता बर्व्यांनी लिहिली असं सांगितल्या गेलेल्या पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली. दोघंही जेमतेम पंचविशी ओलांडत होते, महाराजांविषयीची कळकळ खरी होती, हेतूत काडीची खोट नव्हती. खोट कागदात होती. मला ही गोष्ट शौर्यापेक्षा या कारणासाठी जास्त जवळची वाटते, कारण शूर होण्याची वेळ आमच्यासारख्यांवर क्वचित येते, खोटा कागद मात्र दर आठवड्याला हातात येतो.

तुझ्या हातात काय आलंय ते आता थंड डोक्यानं पाहा. एक सही, जी तुझ्या बाबांची नाही. मग कुणाची? ग्रामसेवकानं केली, शिपायानं केली, की तुझ्या चुलत्यानं ‘दादाची पण करून टाकतो’ म्हणून केली? तिन्हींचा अर्थ वेगळा. गावात त्याच नावाचा दुसरा कुणी आहे का? हसू नकोस. मराठवाड्यातल्या एका गावात एकाच आडनावाची तीसेक घरं असतात आणि प्रत्येक तिसऱ्या घरात एक बाबासाहेब किंवा एक विठ्ठल असतो. वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही जुळत होतं का? सहीची शाई कुठल्या रंगाची होती? वरच्या-खालच्या सह्या त्याच पेनातल्या, त्याच वळणाच्या होत्या का? हे आज, म्हणजे आजच, वहीत लिहून काढ. जे आठवत नाही त्यापुढे ‘आठवत नाही’ असं लिही. आठवण दर आठवड्याला स्वतःला थोडी सजवून घेते.

आणि सहीवरच अडकून बसू नकोस. बातमी सहीत नाहीच, ती असलीच तर सहीच्या वर लिहिलेल्या ठरावात आहे. त्या सभेत काय मंजूर झालं? घरकुलाची यादी? वित्त आयोगाच्या पैशाचा आराखडा? कुणाला तरी ना हरकत दाखला? ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला कमी आकडा. २६ जानेवारीला तुझ्या गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री सोडून कोण असतं? सगळे कोयते फडात. तेव्हा ती शंभर माणसं आणायची कुठून, ही ग्रामसेवकाचीही खरीखुरी अडचण आहे. बहुतेक वेळा त्याच्या गळ्यात दोन-तीन गावं असतात आणि वरून इतिवृत्ताचा तगादा. त्याची बाजू तू ऐकलीच पाहिजेस.

मात्र इथे एक गोम आहे, तीच मला सगळ्यात रंजक वाटते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करता येते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे सरळ वाट होती. ती सोडून कुणी परगावी असलेल्या माणसांच्या सह्या का करेल? निव्वळ कंटाळा? की त्याच दिवशी, त्याच तारखेला काही मंजूर झालेलं दाखवायचं होतं? मला माहीत नाही. तुलाही नाही. पण हा प्रश्न तुला आजवर पडलेला नव्हता आणि आता पडलाय. पत्रकारितेच्या वर्गात दोन वर्षांत जे होतं ते बरंचसं असंच असतं: पहिला प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला दुसरा प्रश्न सुचायला लागतो.

ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर असतो. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडत जायचं. तू अर्थशास्त्राची आहेस, तुला तो तक्ता वाचता येईल. माझ्या ओळखीच्या निम्म्या बातमीदारांना येत नाही. घरबसल्या बघ, कुणाला विचारायला नको. इतिवृत्ताची प्रत हवी असेल तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाची प्रत जोडली तर तीही नाही, तीस दिवसांत उत्तर. फक्त हे लक्षात ठेव की ग्रामपंचायतीचा जन माहिती अधिकारी बहुतेक ठिकाणी ग्रामसेवकच असतो. म्हणजे ज्याच्या वहीबद्दल विचारायचं त्याच्याच हातात अर्ज द्यायचा, आणि संध्याकाळपर्यंत पारावर सगळ्यांना कळलेलं असतं की अमक्याच्या पोरीनं अर्ज टाकला.

त्यामुळे सध्या अर्ज टाकू नकोस. हे मी भीतीपोटी सांगत नाही, हिशोबानं सांगतेय. तुझ्या आईबाबांनी पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ रक्कम, घेतली असेल किंवा घेतील. मुकादम कुणाचा कोण आहे, सरपंचाच्या घरात उठबस कुणाची, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आई ‘मग झालं’ म्हणाली त्यात तिचा दोष काढू नकोस. ती हाच हिशोब तुझ्या आधी करून बसलीय. ज्या बातमीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार ती त्याला विचारल्याशिवाय करायची नसते, मग तो दुसरा आपला बाप का असेना. बाबांना एकदा शांतपणे सांग की तुमच्या नावापुढे सही आहे. ते काय म्हणतात ते ऐक. हसले तर तेही लिहून ठेव.

माझी एक चूक सांगते, म्हणजे मी हे सगळं पुस्तकातून बोलत नाही हे तुला कळेल. नोकरीचं पहिलं वर्ष. रात्री साडेअकराला तालुक्याहून फोन: टेम्पो उलटला, चार ठार. डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान सुटायला वीस मिनिटं. वार्ताहर रुग्णालयाच्या आवारातून ओरडून नावं सांगत होता, मागे रडारड, फोनमध्ये खरखर. मृतांत एकाच घरातल्या दोन भावांपैकी एक होता. मी दुसऱ्याचं नाव लिहिलं. ‘पुन्हा सांगा’ एवढे दोन शब्द बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं, पण तेवढ्यासाठी मी थांबले नाही. तिसऱ्या दिवशी जिवंत भाऊ पेपरची घडी घेऊन कार्यालयात आला. चिडलेला नव्हता, थकलेला होता. म्हणाला, मदतीच्या कागदांना अडचण येतेय, साहेब म्हणतात पेपरात तर तुमचंच नाव आहे. आम्ही दिलगिरी छापली, पाचव्या पानावर, एक कॉलम, तळाशी. तो पुन्हा आला. ‘ताई, बातमी पहिल्या पानावर होती. दुरुस्ती पाचव्यावर का?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यानंतर तीस वर्षं मी प्रत्येक नाव दोनदा विचारलं. लोक वैतागायचे.

आता मामा. मामांना खोटं पाडायची मला घाई नाही, कारण ते जे रोज बघतात ते खरं आहे. फक्त अर्धं आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बऱ्याच ठिकाणी पगार नसतो. मानधन नावापुरतं आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, आमदारांचा वाढदिवस, प्रत्येक पुरवणीला टार्गेट. ते पूर्ण केलं नाही तर पुढच्या महिन्यात त्याच्या जागी दुसरा. आता हे तुझ्या गावाला लावून बघ. २६ जानेवारीला तुझ्या गावची ग्रामसभा कागदावर भरली असेल, तर त्याच सकाळी पुरवणीत सरपंचांचा हात जोडलेला फोटो आणि ‘समस्त जनतेस हार्दिक शुभेच्छा’ असण्याची शक्यता दाट. ती जाहिरात आणली कुणी? ज्यानं सभेची बातमी करायची त्यानंच. तो रजिस्टर कसं उघडेल? काही जण पाकीट घेतात, हे मी नाकारत नाही, घेताना पाहिलंयही. पण पाकिटापेक्षा ही व्यवस्था जास्त बातम्या खाते, आणि तिच्यात प्रामाणिक माणूसही गप्प बसतो. यात शिरायचं की नाही हे ठरवताना ‘मी तशी होणार नाही’ असं मनात म्हणू नकोस. सगळेच म्हणतात. त्यापेक्षा विचार कर की जाहिरात गोळा करावी न लागता बातमी करता येईल अशी जागा कुठे आहे: शहरातला डेस्क, भाषेचं काम, आकडेवारी वाचणारा बातमीदार, किंवा गावाकडचं वार्तांकन हेच ज्यांचं काम आहे अशा संस्था. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेलं ‘पारी’ हे ग्रामीण वार्तांकनाचं संकेतस्थळ मराठीतही वाचायला मिळतं. ऊसतोड मजुरांवरचं त्यातलं काही काढून वाच. तू त्यातली माणसं ओळखशील; फक्त त्यांना प्रश्न कसे विचारलेत तेवढं बघ.

शिकायची गरज आहे का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण कुणीतरी विचारणारच. जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढला, एका कॉलमात मराठी आणि शेजारच्या कॉलमात इंग्रजी. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवायचे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू केला, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, बाबासाहेब अर्थशास्त्राचे. (तुझाच विषय. मुलाखतीत हे आवर्जून सांग.) त्या अंकाची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता, हेही विसरू नकोस; कागद कुणाच्या हातात आहे यानं किती फरक पडतो ते त्यात दिसतं. आणि अर्जात जांभेकरांना वंदन करतेसच, तर तानुबाई बिर्जेंचं नाव ऐकलंयस का? जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली बाई. नवऱ्याच्या मागे तिनं ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचं संपादन सांभाळलं, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. यांच्यातल्या कुणाकडेही पत्रकारितेची पदवी नव्हती.

पण त्यांच्याकडे घरची किंवा ओळखीची छापखान्याची वाट होती, नाहीतर ती त्यांनी तयार केली. तुझ्याकडे ती नाही. तुला जे हवं ते दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मिळतं: तुझी बातमी लाल शाईनं भरून परत देणारा कुणीतरी, उमेदवारीला एखाद्या कार्यालयात शिरायची चिठ्ठी, वर्गातली पंधरा मुलं जी पुढे पंधरा ठिकाणी असतात, आणि कायदा. कायदा हलका समजू नकोस. मानहानीचं ४९९-५०० कलम आपण वर्षानुवर्षं पाठ केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३५६ झालं. अत्याचार झालेल्या मुलीचं नाव छापायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ‘अमुक वस्तीवरच्या तमुक शाळेत नववीला असलेली’ असं लिहिलं तरी ओळख फुटतेच आणि तोही गुन्हाच, हे वर्गात कुणीतरी टेबलावर हात आपटून सांगावं लागतं.

कुठे शिकायचं याचा फार घोळ घालू नकोस. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग १९६४ पासूनचा. संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा विभाग आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे. फी, वसतिगृह आणि एसटीचं भाडं या तिन्हींची बेरीज करून ठरव. नाव मोठं म्हणून कर्ज काढू नकोस. आणि अर्थशास्त्राची पुस्तकं विकू नकोस.

अर्ज मी लिहून देणार नाही, ते तुलाही नको आहे. एवढंच कर: जुना कागद बाजूला ठेव आणि पहिल्याच वाक्यात ग्रामपंचायतीच्या टेबलाशी उभी राहा. गावाचं नाव नको, ग्रामसेवकाचं नको, ‘भ्रष्टाचार’ हा शब्द तर नकोच, कारण तो तुला अजून सिद्ध करता आलेला नाही. काय दिसलं, का खटकलं आणि अजून काय माहीत नाही, एवढं लिही. अडीचशे शब्द कमी पडतील. परीक्षकांपैकी कुणीतरी विचारेल, ‘मग पुढे काय केलंस?’ तेव्हा खरं ते सांग: काही नाही केलं, आई म्हणाली मग झालं, पण मी तारीख लिहून ठेवलीय. हे ऐकून परीक्षक लेखणी खाली ठेवतो. मी ठेवली असती.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ‘पगार किती?’ ज्या माणसाला आयुष्यभर टनावर पैसे मिळाले त्यानं आधी दर विचारावा, यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? मी तुला आकडा सांगू शकते, पण तो माझ्या काळातला किंवा माझ्या ओळखीतला असेल. तूच काढ. ज्या विभागात जायचंय तिथल्या गेल्या दोन वर्षांतल्या चार मुलांचे फोन नंबर मिळव. कुठे लागलास, कागदावर किती, हातात किती, खोलीभाडं आणि मेस जाऊन उरतात किती, रात्रपाळी किती दिवस, असं चौघांनाही तेच विचार. एकजण फुगवून सांगेल, एकजण रडेल, दोघं खरं बोलतील. कोण कोण ते ओळखायला शिक. मग बाबा जेवायला बसले की त्यांना हातात पडणारा आकडा सांग. कमी असेल. ते ‘बरं’ म्हणतील किंवा काहीच म्हणणार नाहीत.

मुलाखतीला जाताना डबा ने. दहाची वेळ दिली तरी नंबर तीनला लागतो, आणि तिथले पोहे परीक्षकांसाठी असतात.

तुझी,
ताई